माथेरानला पहिल्यांदा दोघंच जाताय? पहिला दिवस असा काढा

लग्नानंतर चार महिन्यांनी आम्ही पहिल्यांदा माथेरानला गेलो तेव्हा चाकांची मोठी सूटकेस नेली होती. गाड्या जिथे थांबतात त्या दस्तुरी नाक्यावर टॅक्सीतून उतरलो आणि शंभर पावलांत तिच्या चाकांत लाल माती गच्च बसली. मग ती कधी त्यानं उचलली, कधी मी. हॉटेलवर पोचेपर्यंत आमचं बोलणं बंद झालं होतं. खोली छान होती, खिडकीसमोर जांभळीचं झाड होतं, आणि संध्याकाळी पाचपर्यंत आम्ही दोघं दोन दिशांना तोंड करून पडून राहिलो. अख्खा दिवस गेला.

त्यानंतर आम्ही पुष्कळदा गेलो. आईबाबांना त्यांच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला घेऊन गेलो, नव्यानं लग्न झालेल्या दोन मैत्रिणींना सगळं आखून दिलं. दरवेळी दस्तुरीला आमच्यासारखंच एखादं जोडपं दिसतंच: बॅगांवर बसलेलं, उन्हात, एकमेकांवर चिडलेलं. म्हणून हे लिहितेय. माथेरानचे पॉइंट कुठे पळून जात नाहीत. पहिला दिवस नीट गेला की पुढचे आपोआप नीट जातात.

निघायच्या आधी

एकच गोष्ट मनात पक्की बसवा. माथेरानमध्ये गाडी नाही. कार नाही, स्कूटर नाही, सायकलसुद्धा नाही. केंद्र सरकारनं २००३ साली हा सगळा डोंगर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला, पण गाड्यांना बंदी त्याच्याही आधीपासूनची आहे. रुग्णवाहिकेसारख्या अत्यावश्यक गाड्या आणि अलीकडे सुरू झालेल्या थोड्याशा ई-रिक्षा सोडल्या तर तुमचे पाय, घोडा आणि छोटी रेल्वे, एवढंच. तुमची गाडी किंवा टॅक्सी दस्तुरी नाक्यापर्यंत येते. तिथून बाजारपेठ अडीच-तीन किलोमीटर.

म्हणजे बॅग पाठीवर मावेल अशीच घ्या. दोघांच्या दोन सॅक, दोन रात्रींसाठी पुरतात. पांढरे कपडे आणि नवे कोरे पांढरे बूट घरी ठेवा; जांभ्या दगडाची ती लाल धूळ धुतली तरी शिवणींमध्ये राहते. तळ घसरणार नाही असे बूट, थंडीत एक स्वेटर, दोघांना मिळून एक चांगली बॅटरी. मोबाईलचा टॉर्च त्याच्या जागी ठीक आहे, पण संध्याकाळपर्यंत फोटो काढून फोन निम्मा रिकामा झालेला असतो. रोख पैसे थोडे जास्तच ठेवा. नेटवर्क कधी असतं, कधी नसतं, आणि हमाल, घोडेवाले, चहाची टपरी यांच्याशी व्यवहार करताना ऐनवेळी ऑनलाइन पैसे अडकले की दोन्हीकडचा वेळ जातो. दोघांचीही ओळखपत्रं घ्या. हॉटेलवर एकाचं चालत नाही.

हॉटेल ठरवताना फोनवर चार गोष्टी विचारा. स्टेशनपासून चालत किती मिनिटं? खोली किती वाजता मिळणार आणि किती वाजता सोडायची? भाड्यात जेवण धरलंय का? आणि पहिल्या दिवशी दुपारचं जेवण किती वाजेपर्यंत मिळतं? माथेरानला बरीच हॉटेलं जेवणासकट भाडं घेतात, खोली सोडायची वेळही काही ठिकाणी सकाळी फार लवकरची असते. आम्हाला एकदा एका हॉटेलनं ‘स्टेशनपासून पाच मिनिटं’ सांगितलं होतं आणि प्रत्यक्षात चढावरची पंचवीस मिनिटं निघाली. तेव्हापासून मी ‘घोड्यानं पाच की चालत पाच’ असं स्पष्ट विचारते.

जमत असेल तर मधल्या वारी जा. शनिवार-रविवारी दस्तुरीचा वाहनतळ भरतो, घाटात रांग लागते, आणि ज्या शांततेसाठी आपण जातो तीच मिळत नाही.

नेरळपर्यंत

मुंबईकडून कर्जत किंवा खोपोली लोकल धरायची आणि नेरळला उतरायचं. सीएसएमटीपासून साधारण दोन तास धरा. पुण्याकडून येणाऱ्यांनी कर्जतला थांबणारी गाडी पकडावी आणि तिथून मुंबईकडे जाणाऱ्या लोकलनं मागे यावं. कर्जतनंतर भिवपुरी रोड, मग नेरळ. सकाळी नऊच्या आत नेरळला पोचलात तर पुढचं सगळं सोपं जातं. अकरानंतर पोचलात तर ऊन, भूक आणि गर्दी तिन्ही एकदम भेटतात.

नेरळला उतरल्यावर खाऊन घ्या. गरम वडापाव, चहा, काहीही. उपाशीपोटी घाट चढू नका आणि उपाशीपोटी एकमेकांशी भाडं, बॅग, रस्ता यावर चर्चा तर मुळीच करू नका. घाटात गाडी लागत असेल तर आवळासुपारी तोंडात ठेवा.

आता इथे निर्णय असतो: छोटी गाडी की टॅक्सी. नेरळ-माथेरान रेल्वे १९०७ साली सुरू झाली. सर आदमजी पीरभॉय यांनी पैसा लावला आणि त्यांचा मुलगा अब्दुल हुसेन यांनी ती बांधून घेतली. दोन फूट रुंदीचा रूळमार्ग, वीस किलोमीटरहून थोडी जास्त वाट, मध्ये जुम्मापट्टी आणि वॉटर पाइप ही स्टेशनं, आणि अख्ख्या मार्गावर एकच छोटा बोगदा. तेवढ्यात एकच चुंबन घेता येतं म्हणून त्याला ‘वन किस टनेल’ म्हणतात. ही गाडी सुंदर आहे. पण ती दिवसातून थोड्याच फेऱ्या करते, जागा कमी असतात, वर पोचायला अडीच-तीन तास घेते, आणि पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज (दस्तुरीजवळचं स्टेशन) हा भाग बंद असतो. २०१९च्या पावसात रूळ वाहून गेले तेव्हा ती २०२२च्या ऑक्टोबरपर्यंत पूर्ण धावली नव्हती.

माझं मत असं: पहिला दिवस तिच्या तिकिटावर टांगून ठेवू नका. आदल्या दिवशी वेळापत्रक बघा, सकाळी खिडकीवर विचारा, मिळालं तर आनंदानं चढा. नाही मिळालं तर पाच मिनिटांत टॅक्सी धरा. तिकिटासाठी तासभर ताटकळून मग चिडून टॅक्सीत बसणं सगळ्यात वाईट. उतरताना छोट्या गाडीनं यावं, ते जास्त चांगलं. तेव्हा घाई नसते.

टॅक्सी स्टेशनाबाहेरच मिळते. शेअरमध्ये जागेप्रमाणे पैसे असतात, बसायच्या आधी दर विचारा. अर्ध्या तासात दस्तुरी. स्वतःची गाडी नेणार असाल तर हा घाट नवशिक्यानं चालवायचा नाही, एवढंच म्हणेन. चढ खडा आहे, वळणं अरुंद आहेत आणि वळणावरच समोरून टॅक्सी येते.

दस्तुरी नाका: इथे दहा मिनिटं शांत राहा

सगळ्या प्रवासात अवघड जागा ही एकच. दार उघडायच्या आत चार घोडेवाले पुढे येतात. इथून बाजारपेठेपर्यंत छोट्या रेल्वेची शटल असते, पण ते सांगतात: ‘शटल बंद आहे’, ‘शटलला दोन तास आहेत’, ‘हॉटेल सात किलोमीटर आहे, चालत जमणार नाही’. नव्या जोडप्याकडे बघून तर हे हमखास. पर्यटकांना असं चुकीचं सांगितलं जातं या तक्रारीवरून खुद्द माथेरानकरांनीच मार्च २०२५मध्ये गाव बंद ठेवलं होतं. सगळे घोडेवाले असे नसतात हेही तितकंच खरं. पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करणारी, घोड्याला पोटच्या पोरासारखं जपणारी माणसं मी तिथे पाहिली आहेत. म्हणून कुणाशी भांडू नका. ‘बघून सांगतो’ एवढं म्हणा आणि पुढे चला.

आधी नगरपरिषदेचा प्रवेश कर भरा. पावती जपून ठेवा, पुढे तपासतात. मग दोन-तीन मिनिटं चालत अमन लॉज स्टेशनवर जा आणि शटलचं तिकीट स्वतः खिडकीवर विचारा. अमन लॉज ते माथेरान ही शटल पावसाळ्यातही चालते आणि वीसेक मिनिटांत बाजारपेठेत सोडते. डबा एवढासा असतो की समोरच्याचे गुडघे आपल्या गुडघ्यांना लागतात. बॅग मांडीवर. खिडकीतून हात बाहेर काढू नका. करवंदीच्या जाळ्या आणि झाडांच्या फांद्या अगदी डब्याला घासून जातात. एक वळण असं येतं की आपलंच इंजिन खिडकीतून समोर दिसतं. त्या वेळी मी अजूनही त्याच्या बाहीला धरून ‘बघ, बघ’ म्हणते.

शटल नाही मिळाली तर ई-रिक्षा आहेत. त्या मोजक्याच आहेत, रांग असते. हाताने ओढायच्या रिक्षा इथे वर्षानुवर्षं चालल्या. माणसानं माणसाला ओढायची ही पद्धत सहा महिन्यांत थांबवा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२५मध्ये दिला. मला स्वतःला त्या रिक्षात बसवलं नाही कधीच. ज्यांनी त्या ओढल्या त्यांच्या हाती ई-रिक्षा यावी, हे मनापासून वाटतं.

आणि तिसरा मार्ग, जो आम्ही आता बहुतेक वेळा घेतो: चालत. सामान हमालाला द्या, पैसे आधी ठरवा, त्याचं नाव आणि फोन नंबर घ्या, हॉटेलचं नाव सांगा, आणि रुळांच्या सोबतीनं जाणाऱ्या वाटेनं मोकळ्या हातांनी निघा. पाऊण तास लागतो. पहिली दहा मिनिटं दस्तुरीचा गोंगाट मागून येत राहतो. मग तो विरतो, आणि एकदम लक्षात येतं की आपण एकमेकांशी हळू आवाजात बोलतोय, कारण मोठ्यानं बोलायची गरजच उरलेली नाही. हॉर्न नाही, इंजिन नाही. पाखरं, वारा, लांबून येणाऱ्या घोड्याच्या टापा. माथेरानला आलो, हे मला दरवेळी त्या वाटेवर कळतं, हॉटेलात नाही.

फक्त एक करा. निघण्याआधी एकमेकांना विचारा, ‘चालवेल ना?’ आणि जे उत्तर येईल ते खरं माना. आईचा गुडघा दुखत होता, बाबांना चालायचंच होतं, आणि आई ‘हो हो, चालेन’ म्हणाली. अर्ध्या वाटेवर बसली. त्या दिवशी बाबा गप्प झाले ते संध्याकाळपर्यंत. दुसऱ्या दिवसापासून आई घोड्यावर आणि बाबा लगामाच्या बाजूनं चालत, असं त्यांनी अख्खं माथेरान पाहिलं.

दुपार: झोपा

खोली लगेच मिळत नसेल तर सामान हॉटेलात ठेवा आणि बाजारातून एक फेरी मारा. चिक्की आणि चपलांची दुकानं दोन्ही बाजूंना आहेत. चिक्की आज घेऊ नका. ओझं वाढतं, शिवाय माकडं. इथल्या माकडांना प्लॅस्टिकच्या पिशवीचा आवाज बरोबर कळतो. मी एकदा शेंगदाणा चिक्कीचा पुडा हातात धरून निघाले होते. छपरावरून एक माकड उतरलं, पुड्याचं टोक धरलं आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिलं. मी सोडला. तुम्हीही सोडा, ओढाताण करू नका. खाऊ सॅकच्या आत, चेन लावून.

मग जेवा आणि झोपा. खरंच झोपा. बहुतेक जोडपी इथे चूक करतात. दुपारी दीड वाजता कुणीतरी ‘बारा पॉइंट, तीन तास’ असं सांगतं आणि हे दोघं दोन घोड्यांवर पुढे-मागे बसून निघतात. प्रत्येक कड्यावर तीन मिनिटं, एक फोटो, पुढे चला. संध्याकाळी मांड्या भरून येतात, आणि रात्री कुठला पॉइंट कुठला हे दोघांनाही आठवत नाही. माथेरानला तीसहून जास्त पॉइंट आहेत. आज एकच बघा. फार तर दोन.

घरच्यांना पोचल्याचा फोन इथूनच करून टाका, म्हणजे संध्याकाळी नेटवर्क शोधत बसावं लागणार नाही.

संध्याकाळ: तलाव, इको, लुइझा

पहिल्या संध्याकाळी सगळे सनसेट पॉइंटला, म्हणजे पॉर्क्युपाइनला जातात. तिथला सूर्यास्त सुंदर असतो, पण गर्दीही तिथेच असते. मी सांगेन, शारलोट तलावाच्या वाटेनं लुइझा पॉइंटला जा. वाट सोपी आहे, मध्ये बसायच्या जागा आहेत, आणि एकाच फेरीत पाणी, देऊळ, दरी तिन्ही मिळतात.

सूर्यास्ताची वेळ आधी बघा. डिसेंबरात सहाच्या सुमारास, मे महिन्यात सातच्या पुढे. त्याच्या दोन तास आधी हॉटेलातून निघा. बाजारातून तलावापर्यंत रमतगमत अर्धा-पाऊण तास. ही वाट जवळजवळ पूर्ण सावलीची आहे. जांभूळ, हिरडा, अंजनी अशी सदाहरित झाडं वर एकमेकांत मिसळलेली आहेत. मान वर करून चाला. शेकरू दिसू शकतं, आपल्या राज्याचं प्राणी-मानचिन्ह. तांबूस अंग, झुपकेदार शेपूट, आणि एका फांदीवरून दुसरीवर अशी उडी की आधी पानांचा आवाज येतो आणि मग ते दिसतं.

तलाव गावाच्या पिण्याच्या पाण्याचा आहे. पाण्यात उतरायचं नाही, पायही धुवायचे नाहीत. काठाजवळच पिसरनाथाचं मंदिर आहे, माथेरानचा ग्रामदेव. दोन मिनिटं आत बसा. १८५० साली ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट हा डोंगर चढून आला आणि त्यानं हे ठिकाण ‘शोधलं’ असं सगळीकडे लिहिलेलं असतं. पण इथल्या ठाकर, कातकरी, धनगर लोकांना ही रानं तो यायच्या कितीतरी आधीपासून पाठ होती. त्या देवळात बसलं की ते जास्त खरं वाटतं.

तलावापासून इको पॉइंट जवळच. हाक मारा, एकदाच, आणि उत्तर यायची वाट बघा. दहा जण एकदम ओरडत असतील तर प्रतिध्वनी कळत नाही. थांबा, त्यांना जाऊ द्या. तिथून पुढे लुइझा.

लुइझावर सूर्यास्ताच्या निदान वीस मिनिटं आधी पोचा. समोर प्रबळगडाचं लांबलचक पठार पसरलेलं असतं. ऊन उतरायला लागलं की त्याच्या कड्यांच्या घड्या एकेक करून उमटतात, आधी तपकिरी, मग जांभळट, मग नुसती काळी रेघ. सूर्य बुडाला की लोक लगेच उठून जातात. तुम्ही बसा. हवा स्वच्छ असेल तर खाली सपाटीवर पनवेल-नवी मुंबईकडचे दिवे लागायला लागतात. ज्या गर्दीतून सकाळी निघालो ती तिथे एवढीशी दिसते. आम्ही तिथे पहिल्यांदा बसलो तेव्हा त्यानं काहीच न बोलता सॅकमधून थर्मास काढला. हॉटेलातून चहा भरून घेतला होता, मला न सांगता. एकाच झाकणातून दोघांनी प्यायलो. थर्मास न्याच.

कड्यांची काळजी मात्र घ्या. सगळीकडे कठडे नाहीत, आणि जिथे आहेत तिथेही त्यांच्या पलीकडे जाऊन फोटो काढणारे असतात. काठावरचा जांभा भुसभुशीत होतो, सुकलेल्या गवतावरूनही पाय सटकतो. ‘अजून थोडं मागे’ असं एकमेकांना कधीही म्हणू नका. पावसाळ्यात गेलात तर कड्यापासून आणखी लांब. तेव्हा धुक्यात समोरचं काही दिसत नाही, पण त्या धुक्यात झाडांखालून चालणंच इतकं सुंदर असतं की पॉइंटची आठवणही होत नाही.

परतताना अंधार भराभर होतो. दाट झाडीत तर बाहेर उजेड असतानाच वाटेवर काळोख पडतो. बॅटरी काढा, मुख्य वाट सोडू नका, आणि जो हळू चालतो त्याला पुढे ठेवा. हे आम्ही उशिरा शिकलो. वेगानं चालणारा पुढे असला की तो थांबून थांबून मागे बघतो, मागचा धापा टाकतो, आणि दोघांनाही वाटतं की दुसरा आपल्यामुळे खोळंबलाय. हळू चालणारा पुढे असला की वेग आपोआप एक होतो.

रात्र

जेवण लवकर करा. इथे सगळं लवकर निजतं. बूट खोलीच्या दाराबाहेर ठेवू नका आणि खिडकी उघडी टाकून झोपू नका, सकाळी माकडं येतात. घोडा करायचा असेल तर उद्याचा दर आज रात्रीच नीट ठरवा: किती तास, कुठले पॉइंट, थांबण्याचे वेगळे पैसे आहेत का. पॅनोरमा पॉइंटचा सूर्योदय बघायचा असेल तर अंधारातच निघावं लागतं, कारण तो डोंगराच्या अगदी उत्तर टोकाला आहे. पण पहिल्या रात्री गजर लावायचा की नाही, हे पाय किती दुखतायत ते बघून दोघांनी मिळून ठरवा. आम्ही बहुतेक वेळा नाही लावत.

दिवा घालवण्याआधी पाच मिनिटं व्हरांड्यात उभे राहा. वीज गेली असेल तर आणखी छान. कीटकांची किरकिर, कुठेतरी तबेल्यात घोडा फुरफुरतो, आणि वारा आला की जांभळीची पानं सळसळतात.